न वापरलेला शब्द

आमच्या घरमालकांना त्यांच्याच बायकोच्या निरोप समारंभात बोलायला बंदी होती. बंदी बायकोनेच घातली होती. पूर्णा तालुक्यात ज्यांच्याशिवाय साधं बारसंसुद्धा पार पडायचं नाही, त्या माणसाला घरातूनच हुकूम सुटला होता: माझ्या निरोपाला यायचं, जेवायचं, पण माइकला हात लावायचा नाही. तो महिनाभर काकांचं जेवणावर लक्ष नव्हतं. टायफॉइडात वाळले नव्हते तेवढे वाळले, असं काकूच म्हणायच्या, आणि वर लगेच, "तरी बी न्हाई."

मी तेव्हा पूर्णेला रेल्वेच्या तिकीट खिडकीत होते. मूळची सेलूची, बदली होऊन आलेली. काका-काकूंच्या घरातली पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. आधीच सांगते, तोंडावर केलेल्या स्तुतीचा मला राग आहे, आणि तो त्या खिडकीने शिकवलेला आहे. गाडी फलाटाला लागायच्या वेळी ज्याला तिकीट पाहिजे असतं, त्याला मी साक्षात लक्ष्मी दिसते. सुट्टे नाहीत म्हटलं की त्याच तोंडाने माझा उद्धार होतो. असल्या बाईच्या नशिबी घरमालक कोण यावा, तर तालुक्यातला एक नंबरचा निवेदक!

खोली बघायला गेले त्याच दिवशी प्रसाद मिळाला. दारात काका उभे. पांढरा सदरा, खिशाला पेन, तोंडात वेलदोडा. माझी चौकशी केली, दोन मिनिटं डोळे मिटले आणि सुरू झाले, "सेलूच्या मातीत घडलेल्या, रेल्वेच्या सेवेत रुजू झालेल्या, अत्यंत विनयशील आणि मितभाषी अशा…"

"काका, खोली दाखवता का?" मी म्हणाले.

आतून एका बाईचा आवाज आला, "मितभाषी म्हणायच्या आधी तिला बोलू तरी द्यायचं व्हतं!"

त्या काकू. आरोग्यसेविका होत्या. रोज सकाळी पॅसेंजरने चुडाव्याला उतरायच्या आणि तिथून ऑटोने आडबाजूच्या एका गावातल्या उपकेंद्रात जायच्या. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांना 'शिस्टर' म्हणत. काका एका शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेले. शिकवायचे कसे ते मला माहीत नाही, पण सूत्रसंचालन करायचे ते बघत राहावं असं. लग्न, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, नवा ट्रॅक्टर, कुणाचा मुलगा फौजदार झाला, कुणी नुसताच सरपंचाचा मेहुणा झाला, सगळीकडे काका. पिशवीत माइकवर चढवायचं लाल स्पंजचं टोपरं असायचं. दुसऱ्याच्या थुंकीतून गोड बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कार्यक्रम संपला की ते टोपरं साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालायचे. काकूंचे मोजे, माझी ओढणी आणि मधे ते लाल टोपरं.

घरातही त्यांचा माइक बंद व्हायचा नाही. गेलेली वीज आली की म्हणायचे, "ज्यांची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो…" दूधवाल्याने हाक मारली की, "पहाटेच्या दवात न्हाऊन…" काकू आतून ओरडायच्या, "दवात न्हाई, दुधात पाणी घालायलाय त्यो. पातेलं धरा."

विशेषणांचं त्यांचं खातं पक्कं होतं. गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, असेल तर दानशूर. पुढारी असेल तर विकासपुरुष. शिक्षक विद्यार्थीप्रिय, डॉक्टर देवमाणूस, आणि ज्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही तो मनमिळाऊ. मेलेलाही मनमिळाऊच. मी एकदा चिडवलं, "काका, माझ्या वेळी काय म्हणाल?" गंभीर होऊन म्हणाले, "तुला मनमिळाऊ म्हणलं तर लोक दगड मारतील मला." तेवढं मात्र खरं बोलले.

आमच्याकडे स्मशानातही भाषणं होतात. सरण पेटलं की लोक मागे सरकून मातीतच बसतात आणि एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. तिथेही नावं पुकारायला कुणीतरी लागतं, म्हणून काका. एकदा आदल्या दिवशी दोन लग्नं आणि एक सत्कार करून ते थकून गेले होते. स्मशानात सगळ्यांचं बोलून झालं. काका हात जोडून म्हणाले, "आणि आता सत्कारमूर्तींनी आपलं मनोगत व्यक्त करावं, अशी मी त्यांना विनंती करतो."

सगळे गार. कुणी हसेना, कुणी हलेना. सरणाकडे बघायची कुणाला हिंमत होईना. काकांनी मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "…परंतु ते आता बोलणार नाहीत. मित्रहो, हेच तर आपलं दुःख आहे." बाया हुंदके देऊन रडल्या. मुलाने येऊन पाय धरले. घरी येऊन काकांनी हे सांगितलं तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. हसता हसता त्यांची भाकरी मोडली. आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमी रडला का तिथं?"

"न्हाई. मी कामून रडू? वळख कुठं व्हती?"

"तेच म्हणायलेय मी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा गोळा घेतला.

एका संध्याकाळी माझं डोकं फिरलेलं होतं. खिडकीवर एका बाबाने मला आधी देवी म्हटलं आणि मग नको ते. घरी येते तर काका आरशासमोर कुणाला तरी 'युगपुरुष' म्हणायची तालीम करत होते. मी चप्पल काढता काढताच म्हणाले, "काका, दिवसरात्र ही खुशामत करताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

दुसरा कुणी असता तर खोली खाली करायला सांगितली असती. काकांचा चेहरा उजळला. "शब्द लय चांगला काढलास! बस. चहा घे."

त्यांचे वडील निजामाच्या राज्यात शिकलेले. सगळं शिक्षण उर्दूत. घरी मराठी बोलायचे, पण शब्दांसाठी गंडा बांधलेला फारसीचा. "आमच्या बाबांनी सांगितलेलं हाय," काका म्हणाले. "खुश म्हंजी आनंद. आमद म्हंजी येणं. दारात माणूस आला की म्हणायचं, खुश आमद. बरं झालं आलात. बास, एवढाच त्याचा अर्थ. त्यात शिवी कुठं हाय?"

"मग शिवी झाली कशी?"

"आता बघ. आलेला माणूस मोठा असला की म्हणणाऱ्याला त्याच्याकडून कायतरी पायजे असायचं. मंग मोठ्याला जास्ती येळा म्हणायले. लांबवू लांबवू म्हणायले. गरीब आला तर म्हणीनात. असं करू करू त्यो शब्द दारातून उठला अन् दरबारात जाऊन बसला. पुन्हा काय दाराशी आला न्हाई. आपल्याकडं येता येता तर त्याचं तोंड बी बदललं, खुशामत झाली."

मला ते फार आवडलं. मी खिडकीतला बाबा विसरले. पण काकू आतून भाजीची पाटी घेऊन बाहेर आल्या आणि खाली बसत म्हणाल्या, "तुमचे बाबा कुणाकुणाला म्हणायचे हो ते?"

"समद्यांला. मी बघितलेलं हाय. सालगडी आला तरी, भांड्याला कल्हई लावणारा आला तरी. बरं झालं आलास, बस, म्हणायचे."

"अन् तुमी?"

काकांनी चहाचा कप उचलला. तो केव्हाच रिकामा झालेला होता. तरी प्यायले.

बंदीचं खरं कारण मला काकूंनी एका रविवारी शेंगा फोडताना सांगितलं. एका गुत्तेदाराने उपकेंद्राचं छत नवं केलं होतं. केलं म्हणजे कागदावर बरंच, छतावर थोडं. पुढच्याच पावसाळ्यात एका बाईला कळा सुरू झाल्या आणि वरून पाणी गळायला लागलं, थेट टेबलावर. "तिच्या सासूला म्हणलं, छत्री उघडा अन् वर धरा. तिनं छत्री धरली अन् मी लेकरू सोडवलं. लेकरू बी नीट, बाई बी नीट. मी भिजून गारठून घरी आले तर हे इस्त्रीचा सदरा घालून निघालेले. म्हणलं, कुठं? तर म्हणाले, सत्कार हाय. त्याच गुत्तेदाराचा. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं, आरोग्यदूत. शब्द ह्यांनीच काढलेला."

"भांडला नाहीत?"

"सांगितलं फक्त. दोन दिवस जेवले न्हाईत. चांगलं वाईट वाटलं त्यांला, खोटं कामून बोलू? तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेले पुन्हा." एक शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "मी काय मोठी हाय का? पण माझं काम तर आरोग्याचंच हाय ना. मला वाटलं, ह्या माणसानं चांगले चांगले शब्द सगळे वाटून टाकले. मला काय ठिवलं?"

मला काकांचा इतका राग आला की, संध्याकाळी ते समोर आले तर मी दार लावून घेतलं.

निवृत्तीचा दिवस दिवाळीच्या तोंडाशी येत होता. काकांनी गयावया केली, रुसून बघितलं, माझ्याकडून वशिला लावून बघितला. शेवटी काकूंनी अट घातली. "ठीक हाय. बोला. पण जो शब्द आजवर कुणालाच लावला न्हाई, असा घिऊन या. उष्टा शब्द मला नको."

काकांना ही अट म्हणजे गंमत वाटली. शब्दांचा काय तोटा! संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन बसले आणि आतल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असं म्हणाले, "कर्तव्यनिष्ठ!"

आतून उत्तर आलं, "त्यो तलाठी. नंतर सस्पेंड झाला."

"सेवाभावी."

"शेतकऱ्यांच्या मापात मारणारा आडत्या."

"माउली."

"मागच्या निवडणुकीतली. पडली ती."

"निःस्वार्थी."

ह्यावर आतून नुसतं हसू आलं. बराच वेळ.

काका उर्दूकडे वळले. "नेकदिल." तो ट्रकवाल्याच्या रिसेप्शनला गेलेला निघाला. संस्कृतात गेले, 'वात्सल्यसिंधू' घेऊन आले, तर तो एका मुख्याध्यापकाला वाहिलेला. काकू त्यांच्या एकाही कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या, पण कुठला शब्द कुठे खर्ची पडला ते त्यांना तोंडपाठ होतं. इतकी वर्षं ही बाई कान देऊन ऐकत आली होती, हे मला तेव्हा कळलं. काकांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरत गेला.

मी मदत करायला गेले. म्हटलं, "हट्टी म्हणा. हा तर कुणाला लावला नसेल."

आतून काकू म्हणाल्या, "हा चालंल!"

काका हसले नाहीत. "माइकवर कसं म्हणू गं?" असं म्हणून उठून गेले.

दोन दिवसांनी ते माझ्या जेवणाच्या सुट्टीत स्टेशनवर आले. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. नांदेडकडची गाडी गेली, धूळ खाली बसली. काका म्हणाले, "पोरी, साऱ्या तालुक्याबद्दल मी लय बोललो. एकदाच खरं बोलायचं व्हतं. अन् आता खरं बोलायला निघालो तर माझ्याकडं काहीच न्हाई." हा आवाज मी माइकवर कधी ऐकला नव्हता. मी त्यांचा राग धरून होते, तो तिथेच गेला. मी डबा पुढे केला. त्यांनी एक घास खाल्ला.

निरोपाच्या दिवशी आम्ही तिघं नेहमीच्या पॅसेंजरने गेलो. उपकेंद्रासमोर मांडव घातला होता. काकांच्या पिशवीत लाल टोपरं नव्हतं, मी बघितलं. काकूंना लोकांनी पुढे नेलं. काका स्टेजकडे गेले नाहीत, खुर्च्यांतही बसले नाहीत. कमानीपाशी उभे राहिले. आयुष्यभर स्टेजवरून कार्यक्रम बघितलेला माणूस, दारात कसं उभं राहायचं ते त्याला कळत नव्हतं. कधी हात मागे, कधी पुढे.

पहिल्यांदा एक म्हातारी आली, काठी टेकत, वाडीवरून चालत. काकांची सवय उचल खाणार असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "या आजी. बरं झालं आलात. बसा, पाणी देतो." आणि खरंच पाणी आणून दिलं.

"तू कोण रं बाबा?"

"शिस्टरचा मालक."

"मंग तू बी बरा ऱ्हाय," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बाईनं माझी सून वाचीवली."

मग लोक येतच राहिले. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, त्या बायांच्या आया. ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब आलं. गाडी सकाळीच निघायची होती, शिस्टरला भेटल्याशिवाय जात नाही म्हणून बायको अडून बसलेली. नवरा कुरकुरत होता. काकांनी त्याला सावलीत नेऊन बसवलं. ह्यांतल्या कुणाचाही काकांनी कधी सत्कार केलेला नव्हता. ह्यांच्यापैकी कुणाकडून काही मिळायचंही नव्हतं. प्रत्येकाला तेच, "या. बरं झालं आलात." तेच, पण दर वेळी माणसाच्या तोंडाकडे बघून. मी पाण्याचे ग्लास भरत होते आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली होती.

स्टेजवर एक तरुण मास्तर निवेदन करत होता. शब्द सगळे काकांचे, चालसुद्धा काकांची. बोलता बोलता तो रंगात आला आणि म्हणाला, "आपल्या परिसराच्या आरोग्यदूत…"

काकूंनी स्टेजवरून थेट कमानीकडे बघितलं. काकांनी, सगळ्यांदेखत, स्वतःचा कान पकडला. लोकांना वाटलं, ऐकू येत नसेल.

काकू शेवटी दोनच वाक्यं बोलल्या. "लेकरांचे डोस चुकवू नका. जेवण तयार हाय, कुणी तसंच जाऊ नका."

परत पूर्णेला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. स्टेशनबाहेर काकूंना ओळखीच्या बाया भेटल्या, काकूंचा पाय निघेना. काका म्हणाले, "मी पुढं होऊन कुलूप काढतो," आणि भराभरा निघून गेले. मागून आम्ही दोघी. माझ्या हातात शाली आणि हार, काकूंच्या पिशवीत नारळच नारळ.

दार उघडं होतं. ओट्यावरचा दिवा लावलेला होता आणि काका उंबऱ्याच्या आत उभे होते. मला वाटलं, आता सुरू होतात. ज्यांची आपण सारे आतुरतेने. तसं काही झालं नाही. बायकोला जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस दोन्ही हात जोडून म्हणाला, "या. बरं झालं आलात."

काकूंचा एक पाय पायरीवर होता, तो तिथेच थांबला. "हे तर सकाळपासून समद्यांला म्हणायलाव तुमी. मी स्टेजवरून बघत व्हते."

"हो."

"म्हंजी वापरलेलाच झाला की."

"झाला," काका म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. अट मोडली होती आणि त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "त्या लोकांला खरं म्हणलात का?"

काका कधी उत्तराला थांबत नसत. त्या दिवशी थांबले. एकेक तोंड आठवून बघत असावेत. म्हणाले, "हो. आज खरं म्हणलो."

"मंग मला बी चालतंय," काकू म्हणाल्या आणि नारळांची पिशवी त्यांच्या हातात देऊन आत आल्या.